एकाकी, सुटे की एकमुखी?

(गोव्यातल्या मित्रांच्या गप्पा; बोलणारा गावाच्या नावाने)

डिचोली: भाच्याने मेलबर्नहून त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो धाडलाय. वाळूवर बशीएवढा एकच जीव, निळ्या दिव्याखाली हिरवागार पेटलेला. ‘सॉलिटरी स्टोनी कोरल’ म्हणे, म्हणजे वसाहत न करता एकट्याने वाढणारे दगडी सांगाड्याचे प्रवाळ. मी ‘एकाकी दगडी पोवळे’ असे मराठी केले, तर बायको हसत सुटली.

पर्वरी: वहिनींचे बरोबर आहे. ‘एकाकी’ म्हटले की कुणी सोडून गेल्यासारखे वाटते. पोवळेही नको. सोनाराकडचे लाल पोवळे निराळ्या कुळातले, त्याच्या जिवाला शुंडके (तोंडाभोवतालच्या बारीक सोंडा) आठ. दगडी प्रवाळांत ती सहाच्या पटीत. शब्द मूळचा एकच, ‘प्रवाल’ (कोवळी पालवी हाही त्याचा अर्थ). तो घासून ‘पोवळे’ झाला आणि दागिन्यात अडकला. जिवाला ‘प्रवाळ’च म्हणा. ‘एकांडे प्रवाळ’ कसे?

मडगाव: एकांडा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन फिरायचा, हे बापडे वाळूत पडून. त्यापेक्षा ‘सुटे’. फंजिया हा असाच एकटा प्रवाळ लहानपणी देठावर असतो, पुढे देठ तुटून मोकळा होतो. नावही लॅटिनमधल्या अळंबीवरून. रोंयणीवरची (वारुळावरची) अळमी उपडी करून बघा, तशाच पात्या, फक्त ह्याच्या वरच्या अंगाला.

पर्वरी: सगळे कुठे सुटे असतात? स्कोलिमिया नावाचे प्रवाळ घ्या, तीही एकटीच, पण खडकाला घट्ट चिकटून. एकटे असणे वेगळे, सुटे असणे वेगळे.

डिचोली: भाचा सांगतो, रात्री शुंडके बाहेर येतात. सुंगटाचा (कोळंबीचा) बारीक तुकडा वर ठेवला की मधले तोंड हळूहळू उघडते आणि तो आत ओढला जातो. वसाहतीतल्या पुष्कळ प्रवाळांची तोंडे इतकी बारीक की हे डोळ्यांना दिसतच नाही. शौकीन भुलतात ते ह्यालाच.

वास्को: मग ‘एकमुखी प्रवाळ’ म्हणा की! रुद्राक्षासारखे. एक जीव, एक तोंड.

मडगाव: झकास! फंजियाच्याच भावकीतल्या हर्पोलिथाला पुष्कळ तोंडे असतात, ती आपोआप बाहेर राहते.

वास्को: आणि डिचोलीकर, हौस आली म्हणून ग्रांदे बेटावरून काही उचलून आणू नका हां. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

डिचोली: नाही हो, टाकी घ्यायची ऐपत कुणाची? बायकोला ‘एकमुखी’ पसंत. फक्त भाव रुद्राक्षाचा नसावा, म्हणाली. भाच्याने किती मोजले ते मी अजून तिला सांगितलेले नाही.