‘चेक’ नेमका कुणाचा?

बँकेत वटतो तो चेक, शर्टावर असतात ते चेक्स, बुद्धिबळात राजाला मिळतो तो चेक आणि ‘जरा चेक करून सांग’ मधला चेक. हे चार शब्द योगायोगाने सारखे झाले असावेत असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ते एकाच घरातले आहेत आणि त्यांचा मूळपुरुष इराणचा राजा आहे.

फारसीत शाह म्हणजे राजा. पटावर राजावर चाल आली की ‘शाह!’ म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करायचं. मराठीतला ‘शह’ तो हाच. अरबांमार्फत खेळ युरोपात पोचला, शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत येताना पुढचा ‘ए’ गळून चेक उरला. ‘चेस’ हे त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलेलं. खेळाचं मूळ नाव चतुरंग. अरबीत ते शतरंज झालं आणि स्पॅनिशने ‘अहेद्रेस’ म्हणून आजवर सांभाळलं. इंग्रजीने मात्र खेळाचं नाव सोडलं आणि राजाचं उचललं. बरं, हा शाहसुद्धा आपल्याला परका नाही. त्याचं जुन्या फारसीतलं रूप आणि संस्कृत ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ हे शब्द सत्ता गाजवणे या अर्थाच्या एकाच धातूशी जाऊन भिडतात.

आता अर्थ कसे फुटले ते बघा. राजाला शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला, आधी राजा वाचवायचा. त्यामुळे चेक म्हणजे अडवणूक, लगाम. ‘कीप इन चेक’मध्ये हाच अर्थ आहे. चूक किंवा लबाडी रोखायची तर हिशेब ताडून पाहावा लागतो, तिथून पडताळणी. आपण सर्रास वापरतो तो ‘तपासणे’ हा अर्थ त्या मानाने उशिराचा.

शर्टावरचे चेक्स पटावरच्या घरांवरून आले. त्याच घरांतून इंग्लंडच्या राजकोषाचं ‘एक्स्चेकर’ हे नावही निघालं. बाराव्या शतकात तिथे सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद टेबलावर रेघांनी घरं पाडलेलं काळं कापड अंथरत आणि त्या घरांत चकत्या मांडून प्रांतोप्रांतीच्या महसुलाचा हिशेब करत. रिचर्ड फिट्झनील या राजाच्या खजिनदाराने 1170च्या दशकाच्या अखेरीस या कामकाजावर संवादरूपात लिहिलं आहे. त्यात तो म्हणतो की नाव नुसत्या कापडामुळे पडलेलं नाही; पटावर दोन राजे झुंजतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ, म्हणजे प्रांताचा महसूल आणून त्याचा हिशेब देणारा राजाचा अधिकारी, झुंजतात. सरकारी हिशेबनिसाला सुचलेली ही उपमा मला तरी भलतीच आवडली.

बँकेचा चेक अठराव्या शतकातला. आधी हे नाव स्थळप्रतीला होतं, कारण बनावट कागदाला आळा घालायचं काम तिचं. पुढे ते मूळ कागदालाच चिकटलं. ब्रिटिश स्पेलिंगच्या (cheque) शेपटाला एक्स्चेकरची (exchequer) सावली आहे. अमेरिकन लोक साधंच स्पेलिंग (check) लिहितात.

पण सगळे अनेकार्थी शब्द असे एका बीजातून फुटत नाहीत. ‘लेट’ घ्या. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक ‘करू देणे’ या अर्थाचं, दुसरं ‘अडवणे’ या अर्थाचं. उच्चार झिजत झिजत एकसारखे झाले आणि एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ दिसू लागले. अडवणारा ‘लेट’ आता जवळपास नामशेष आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे योग्य जागी पडली की पंच ‘लेट’ पुकारतो तिथे आणि ब्रिटिश पासपोर्टावरच्या मजकुरात तेवढा तो तग धरून आहे.

‘फास्ट’चं उलट. एक अर्थ घट्ट, न हलणारा, दुसरा वेगवान. तरी शब्द एकच. घट्ट, मग नेटाने, मग नेटाने धावणं, आणि त्यातून वेग. रंग फास्ट असतो तो पक्का म्हणून. उपवासाचा फास्टही याच कुळातला, नेम घट्ट धरण्यावरून आलेला.

जाता जाता ‘न्यूज’बद्दल. चार दिशांची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला, ही गोष्ट शाळेत फार ऐकवतात. ती खोटी आहे. ‘नवं’ या अर्थाच्या विशेषणाचं हे अनेकवचन, फ्रेंचच्या धर्तीवर केलेलं. आद्याक्षरांवरून शब्द बनवायची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की सरळ संशय घ्यावा.

मग एक शब्द की दोन, हे ओळखायचं कसं? चांगल्या कोशात नोंदीच्या डोक्यावर बारीक आकडे असतात. वेगळा आकडा म्हणजे कोशकाराच्या मते वेगळा शब्द. तिथेही ‘बँक’ घोळ घालतेच. पैशाची बँक इटालियन सावकाराच्या बाकावरून आली, नदीच्या काठाची बँक उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन बोलीतून. कोशात दोन नोंदी. पण इटालियन बाकाचा शब्दही मुळात जर्मानिक भाषेतूनच उसना घेतलेला, आणि काठाचा शब्दही त्याच मुळाचा. मी तरी त्यांना दोनच धरीन. फुटून दोन वाटांनी इंग्रजीत आलेल्या भावंडांना एका नोंदीत कोंबलं, तर वाचणाऱ्याला बाकही सापडायचा नाही आणि काठही.