घरच्या व्यायामासाठी हातात धरायचं बहुउपयोगी वजन बनवायचंय, रचनेबद्दल सल्ला हवा

भोसरीकर
नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका टूलरूममध्ये आहे. लेथ, ड्रिल, वेल्डिंग हाताशी आहे आणि मालकांची परवानगीही आहे. घरात वापरायला एक असं वजन बनवायचंय की त्यावर डंबेलचे व्यायाम होतील, दोन्ही हातांनी धरून केटलबेलसारखा (वर कडी असलेला लोखंडी गोळा) झोका देता येईल आणि मुद्गलासारखं (तालमीत फिरवतात तो लांब मुठीचा जड सोटा) फिरवताही येईल. वापरणारे चौघं: साठी ओलांडलेली आई, बायको, मी आणि अकरावीतला पुतण्या. जागा वन बीएचके, म्हणजे काम झालं की वस्तू पलंगाखाली गेली पाहिजे.

सध्या डोक्यात आहे ते असं. मधे पाइप, दोन्ही टोकांना चकत्या आणि त्या आवळायला स्टार नट (हाताने फिरवायचे ताऱ्याच्या आकाराचे नट). एका टोकाला बिजागरीने उलगडणारी लांब मूठ, म्हणजे मुद्गल. मधोमध बसवता-काढता येणारी कडी, म्हणजे केटलबेल. वजन १ ते १० किलो.

मुठीचा व्यास किती ठेवू? लॉक कोणतं? चकत्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) की वाळू भरलेला डबा? आणि मुळात ही तिन्ही कामं एकाच वस्तूत कोंबावीत का, यावर स्पष्ट बोला. जमलं तर ओळखीच्या लोकांसाठी थोडे नग बनवायचे आहेत, त्यामुळे सुरक्षिततेच्या बाबतीत मला तडजोड नको.

तालमीतला
भोसरीकर, उपक्रम आवडला. मी सांगलीकडचा, जोडी, म्हणजे दोन हातांत दोन मुद्गल, फिरवत लहानाचा मोठा झालो, म्हणून मुद्गलाच्या बाजूने बोलतो.

पहिली गोष्ट, बिजागरी काढून टाका. फिरवायच्या वस्तूत मधे सांधा नको. सांध्यात थोडी जरी ढील आली तरी डोक्यामागून येताना वजन लचकतं, आणि तो लचका सरळ मनगटावर येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही १ ते १० किलो म्हणता, म्हणजे तुमच्या मनात डंबेलचा हिशोब आहे. डंबेलमध्ये वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, मनगटाला ते पेलावं लागतं पण सावरावं लागत नाही. मुद्गलात वजन मुठीपासून लांब असतं आणि सगळी मेहनत त्या लांबीची असते. चार किलोचा मुद्गल घ्या. वजनाचा मध्य मुठीपासून २० सेंमीवर असेल तर आडवा धरल्यावर ८० किलो-सेंमीचा पीळ येतो. तोच मध्य ४० सेंमीवर नेला की १६०. चकती तीच, मेहनत दुप्पट. डंबेल दहा किलोचं सहज उचलणारा धडधाकट माणूस चार किलोची लांब जोडी नीट फिरवू शकत नाही, हे कुठल्याही तालमीत बघायला मिळेल.

त्यामुळे माझा सल्ला असा की वजन वाढवत नेण्यापेक्षा चकती दांड्यावर मागे-पुढे सरकवायची सोय करा. लाकडी मुद्गलात ते जमत नाही. प्रत्येक पायरीला नवी जोडी घ्यावी लागते. लोखंडी दांड्यात मात्र एकाच जोडीवर नवशिक्यापासून मुरलेल्यापर्यंत सगळ्यांची सोय होईल.

आणि मुठीच्या खालच्या टोकाला फुगीर गोळा हवाच. घामेजल्या हातातून दांडा सुटतो तेव्हा शेवटी त्या गोळ्यालाच बोटं अडतात.

जाता जाता, हा प्रकार आपल्याकडून ब्रिटिश फौजेने उचलला आणि पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. ते मुद्गल हलके होते, ताकदीपेक्षा लय आणि सफाई बघितली जायची. तुमच्या आईंसाठी तोच रस्ता बरा.

शिरोली ओतशाळा
माझा धंदा बिडाचा, म्हणून चकत्यांपुरतं आधी सांगतो. वाळूचा डबा नको. वाळू बिडाच्या चौथ्या हिश्श्याहूनही हलकी, त्यामुळे तेवढ्याच वजनाला डबा मोठा होतो. शिवाय आतली वाळू सरकत राहते आणि वजनाचा मध्य दर फेऱ्याला हलतो. डंबेलला एक वेळ चालेल, मुद्गलाला अजिबात नाही.

बिडाची १०० मिमी व्यासाची एक किलोची चकती मधलं भोक धरून साधारण २० मिमी जाड होते. आटोपशीर आहे. अर्ध्या किलोची त्याच व्यासात १० मिमी. पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) एकदा करून घ्या, मग शिरोली किंवा गोकुळ शिरगावला लहान लॉट ओतून मिळेल. दोन्ही तोंडं लेथवर साफ करून घ्या, कारण ओतलेल्या मालाचं वजन नगानगाला थोडं कमी-जास्त येतं. आधी किंचित जास्त वजनाची ओता आणि तोंड मारताना काट्यावर जुळवा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. बीड फक्त चकतीला. दांडा, मूठ, गोळा हे सगळं पोलादाचं. बीड दाबाला दणकट असतं, पण ताणाला आणि ठोक्याला कच्चं. वाकायच्या आधीच तुटतं.

फिजिओ, नाशिक
धाग्यातल्या आईंबद्दल बोलते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करायला सांगते, आणि ते ज्येष्ठांनाही लागू आहे. तेव्हा त्यांना या यादीत घेतलंत हे फार चांगलं केलंत.

टप्पे अर्ध्या किलोचेच ठेवा. तरुणाला १ वरून २ किलो हा लहान बदल वाटतो, पण साठीच्या बाईच्या खांद्यासाठी ते ओझं एकदम दुप्पट होणं आहे. नुसता दांडा, एकही चकती न घालता, ही त्यांची पहिली पायरी असावी. म्हणून रिकाम्या दांड्याचं वजन किलोच्या आत बसवा. या अटीपुढे बाकीच्या सोयी दुय्यम आहेत.

मूठ: स्पर्धेतला बारबेल पुरुषांचा २८ मिमी आणि बायकांचा २५ मिमी जाड असतो, यावरून अंदाज घ्या. पण संधिवाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यांना थोडी जाड आणि मऊ मूठ सोयीची पडते. बारीक दांडा आणि वरून बदलता येणारं रबरी आवरण असं केलंत तर सगळ्यांची सोय होईल. खरखरीत नर्लिंग (पकडीसाठी कोरलेली जाळी) आईंच्या दांड्यावर नको.

मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. तसं असेल तर डोक्यामागून फिरवणं आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, बीपीवाल्यांनी तर नाहीच.

सकाळची फेरी
एकच मुद्दा. पंखा! आमच्या फ्लॅटमध्ये छत पावणेतीन मीटरवर आहे आणि पंख्याची पाती त्याच्या फूटभर खाली. उंच हात करून लांब मुद्गल उभा धरला तर पात्याला लागणारच. लांबी ठरवताना पुतण्याची उंची धरा, तो अजून वाढतोय.

भोसरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पंख्याचा मुद्दा माझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हता. दांड्याची पूर्ण लांबी ४५ सेंमीवर आणतो आणि फिरवताना मूठ डोक्याच्या उंचीवरच ठेवायची असं घरात ठरवतो.

रात्री बसून आकडे काढले. मुद्गल सरळ डोक्यावर उभा आहे, तिथून तो हात न लावता नुसता खाली पडला तर तळाशी मुठीवर त्याच्या वजनाच्या पाचपट ओढ येते. आडव्या हातापासून सोडला तर तिप्पट. पाच किलोला पाचपट म्हणजे सुमारे २४५ न्यूटन. हाताचा जोर धरून मी दुप्पट घेतो, म्हणजे ४९० न्यूटन. चकती अडवायला ८ मिमीची आरपार पिन घेतली तर तिच्यावर येणारा ताण प्रत्येक चौरस मिमीला ५ न्यूटनसुद्धा होत नाही. साध्या पोलादाला हे काहीच नाही. म्हणजे पिन तुटण्याची भीती नाही. भीती आहे ती पिन निसटण्याची, आणि लॉकचा सगळा विचार आता तिथेच लावायचाय.

स्टार नट मी रद्द करतोय. मूठ एका दिशेने फिरली की चकती जडत्वाने मागे राहते आणि एका टोकाचा नट हळूहळू सैल होतो. डंबेल उचलून खाली ठेवताना ते चालून जातं, फिरवताना नाही.

दांड्याला २६.९ मिमी बाह्य व्यासाचा, २.६ मिमी जाडीचा पाइप. ४५ सेंमीला सुमारे ७०० ग्रॅम भरतो. गोळा आणि आवरण धरूनही किलोच्या आत राहील, म्हणजे फिजिओताईंची अट पाळली जाईल.

अडलंय ते एका जागी. मुठीचा गोळा वेल्ड केला तर त्या बाजूने चकत्या जात नाहीत, मग डंबेल होत नाही. गोळा आट्यावर बसवला तर तो सैल होण्याचा धोका. काय करावं?

शिरोली ओतशाळा
दांडे वेगळे करा! तुमच्या सामानात महाग आणि जड काय आहे? चकत्या. पाइपाचे तुकडे स्वस्तात मिळतात आणि पलंगाखाली कुठेही मावतात. मग दांड्यालाच बहुरूपी करायचा अट्टहास का? चकत्यांचा संच एकच, भोक एकच, पिन एकच, दांडे तीन.

मुद्गलाचा ४५ सेंमीचा, गोळा कायमचा वेल्ड केलेला. डंबेलचा ३५ सेंमीचा, दोन्ही टोकं मोकळी, मुठीच्या दोन्ही बाजूंना वेल्ड केलेल्या कड्या म्हणजे चकती बोटांवर येणार नाही. आणि झोक्यासाठी इंग्रजी टी अक्षरासारखा: वर आडवी मूठ, खाली उभा पाइप, त्याच्या तळाला पिन. हा टी दांडा घरी बनवणारे बरेच जण आहेत, केटलबेलचं काम बऱ्यापैकी भागवतो. फक्त टी चा सांधा चारी बाजूंनी पूर्ण वेल्ड करा, नुसते टाके मारून सोडू नका. झोक्याची सगळी ओढ त्या एका सांध्यावर येते.

तालमीतला
शिरोलीकरांच्या म्हणण्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. तिन्ही कामं एकाच दांड्यात घातली असती तर एकही धड झालं नसतं. मुद्गलाच्या दांड्याला भोकं पाडाल तेव्हा ती मुठीच्या भागात अजिबात नकोत, हात सोलतो. आणि शेवटच्या भोकात एक पिन कायम राहू द्या. वरची पिन चुकून निसटली तरी चकती तिथे अडेल, समोरच्याच्या अंगावर जाणार नाही.

हक्कनोंद
मी पेटंटच्या कामात आहे. थोडे नग विकायचे म्हणताय म्हणून लिहितो. भारतीय पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये दोन गोष्टी तुमच्या आड येतात. माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध धरला जात नाही. पारंपरिक ज्ञानालाही पेटंट नाही, म्हणजे मुद्गल म्हणून मुद्गलाला मिळणार नाही. पिनच्या यंत्रणेत खरोखर नवं काही असेल तर त्याचा विचार होऊ शकतो, पण मग त्याचं चित्र अर्ज भरायच्या आधी इथे टाकू नका. उघड केलेली गोष्ट नवी राहत नाही. तात्पुरता तपशील भरला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. नुसतं दिसणं जपायचं असेल तर डिझाइन कायदा २००० आहे, त्यात नोंदणी आधी १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येते. तिथेही अर्ज आधी, प्रसिद्धी नंतर.

भोसरीकर
हक्कनोंद, नेमकी माहिती दिलीत. मी विचार केला, मला यावर हक्क नकोय. ज्याच्याकडे ड्रिल आणि वेल्डिंग आहे त्याने हे गावातल्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावं असंच मला वाटतं, म्हणून मापं इथेच देतो.

चकतीचं भोक २८ मिमी. दांड्यावर भोकं २० मिमीच्या अंतरावर, म्हणजे एक किलोच्या चकतीची जाडी तीच. पिन स्प्रिंग-गोळीवाली, बटण दाबल्याशिवाय निघत नाही, आणि तिला बारीक साखळी. चकती आणि पिनच्या मधे ३ मिमीचं रबरी वायसर, त्याने खडखड थांबते. वायसरची जागा धरायला चकतीच्या एका तोंडाला तेवढीच खाच घेतली आहे, त्यामुळे वजन थोडं घटतं. ओतताना जाडी किंचित वाढवावी लागेल. दर भोकाशेजारी मोठ्या आकड्यात मुठीपासूनचं अंतर कोरणार आहे, आईला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.

चकत्यांच्या कडांना रबरी पट्टा लावतोय. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे.

फिजिओ, नाशिक
अंतराचे आकडे कोरण्याची कल्पना फार उपयोगाची. आज कुठल्या भोकावर केलं ते वहीत लिहून ठेवता येईल. आईंना आधी एकही चकती नको, मग अर्ध्या किलोची मुठीला लागून असलेल्या भोकावर. ती बाहेर सरकवायची ती एकेका भोकाने, आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखला नाही तरच.

शिरोली ओतशाळा
कोणाच्याही हातात द्यायच्या आधी एवढं करा. दांडा उलटा टांगा, खालच्या पिनवर पन्नास किलोचं पोतं रात्रभर लटकवून ठेवा. तुमच्या ४९० न्यूटनाएवढंच होतं. सकाळी गोळ्याचा आणि टी चा वेल्ड भिंगाखाली बघा, केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो दांडा बाद. पिनची स्प्रिंग शंभरदा दाबून बघा. पॅटर्नचं ड्रॉइंग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्ध्या किलोच्या आणि एक किलोच्या चकत्यांचा पहिला लॉट मी ओतून देतो.

भोसरीकर
ड्रॉइंग पाठवलंय, बघून सांगा. अर्ध्या किलोच्या आठ आणि एक किलोच्या सहा चकत्या धरल्या आहेत. त्यातून दोन डंबेल किंवा एक जोडी, आणि टी दांड्यावर पूर्ण दहा किलो, असं बसतं.