चोर्ला घाटात गाडी दम सोडते म्हणून लगेच फ्युएल पंप बदलू नका

गोव्याहून परतताना चोर्ला चढताना तुमची डिझेल गाडी दम सोडते, सपाटीला नीट पळते, आणि मेस्त्री थेट फ्युएल पंप (टाकीतलं डिझेल इंजिनाकडं ढकलणारा पंप) बदला म्हणतोय. जरा थांबा. चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागतं आणि तुंबलेला डिझेल फिल्टर तेवढं सोडत नाही. लक्षण हुबेहूब पंप गेल्यासारखंच असतं. आधी फिल्टर बदला. तरी फरक नाही पडला तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी चढावर न्यायला सांगा, इंजिनाने रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब, किती मागितलं आणि मिळालं किती ते कळेल. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर हे कळत नाही.

आणखी एक, पाणी! फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घ्या, पाच-दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच. पाणी शिरलं की तो आतून झिजतो, धातूचा कीस इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग खर्चाला अंत नाही. चोर्ल्याच्या वाटेवरच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्यांनी हे बघायलाच हवं.

पेट्रोलवाल्यांचा पंप टाकीत बुडालेला असतो, पेट्रोलनेच थंड राहतो. कर्नाटकात निपाणीकडं स्वस्त पडतं म्हणून कोल्हापूरहून काटा लाल होईपर्यंत ताणू नका, पाव टाकी तरी ठेवा. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून येणारी पंपाची बारीक घरघर आली नाही, तर पंप बदलण्याआधी त्याचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच) तपासा.