ठाणेदार मिशिगनात हरले कसे, डेट्रॉईटात जिंकले कसे: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

विनूकाका (बेळगाव): रोहन, तू मिशिगनात आहेस म्हणून विचारतो. आमच्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ ला गव्हर्नरच्या, म्हणजे तिकडच्या मुख्यमंत्रिपदासारख्या पदाच्या, निवडणुकीत आपटले आणि चार वर्षांत थेट अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेत? मधे झालं काय?

रोहन: काका, ते हरले पक्षांतर्गत निवडणुकीत. डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट कुणाला, हे इकडे मतदारच ठरवतात. समोर ग्रेचेन व्हिटमर, पक्षातली बडी मंडळी तिच्यामागे. तिसरा अब्दुल अल-सईद, त्याला डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा. ठाणेदारांना राजकारणात ओळखणारं कोणी नव्हतं.

मंजूआत्या: मग?

रोहन: मग पैसा! स्वतःच्या खिशातले कोटीभर डॉलर. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, मॅचला टीव्हीवर जाहिरात, म्हणजे आपल्याकडची वर्ल्ड कप फायनल समजा. वसंतात काही जनमत चाचण्यांत ते व्हिटमरच्या पुढेही होते.

विनूकाका: आणि तरी हरले?

रोहन: टीव्हीने चेहरा घरोघरी पोचतो हो, पण मतदाराला बाहेर काढायला कार्यकर्ते लागतात. ७ ऑगस्टला व्हिटमर ५२ टक्के, अल-सईद ३०, ठाणेदार १८ च्या आसपास.

विनूकाका: १८ म्हणजे आपल्याकडे डिपॉझिट वाचलं असतं, पण अगदी थोडक्यात!

अक्षता: दादा, २०१६ ला ट्रम्प मिशिगनात फक्त १०,७०४ मतांनी जिंकले होते ना? मग अशा काठावरच्या राज्यात पक्ष नवख्यावर जुगार कशाला खेळेल?

रोहन: मलाही तेच वाटतं. लोकांना नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत हमखास निवडून येणारं माणूस हवं होतं. पण खरी गंमत पुढे आहे. ठाणेदारांनी मग मिशिगनातलंच डेट्रॉईट शहर धरलं. २०२० ला तिथून राज्याच्या विधानसभेत. २०२२ ला काँग्रेसच्या १३ व्या मतदारसंघात पक्षाच्या तिकिटासाठी ९ जण. मिशिगनात दुसरी फेरी नसते, सर्वांत जास्त मतं ज्याला तो पुढे. २८ टक्क्यांत काम झालं. जागा डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, नोव्हेंबर नुसता सोपस्कार.

मंजूआत्या: अगंबाई, म्हणजे मतविभागणीच की! त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं?

रोहन: हो आत्या. डेट्रॉईट कृष्णवर्णीयांचं शहर, त्यांची मतं अनेक उमेदवारांत फुटली. शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधीच उरला नाही, कित्येक दशकांत पहिल्यांदा. त्यावरून नाराजी झाली, आणि मला ती रास्त वाटते.

विनूकाका: म्हणजे २०१८ चे पैसे पाण्यात.

रोहन: छे! ते ओतले नसते तर २०२२ च्या मतपत्रिकेवर नऊ नावांत हे नाव कुणाला ओळखीचं वाटलं असतं?

अक्षता: आधी गाजावाजा, मग जागा हुडकायची. पण खिसा तेवढा खोल हवा.

मंजूआत्या: आमच्या महिला मंडळात अध्यक्षपदाला यंदा पाचजणी उभ्या आहेत. २८ टक्के म्हणजे किती बायका होतात ते बघते. सुपर बोल नाही परवडणार, हळदीकुंकू ठेवीन 😄