मदत हवी आहे: लाट हातची सुटते, पॅडलिंग चुकतंय की जागा?

नमस्कार मंडळी. आठ फुटी सॉफ्टबोर्डवर (नवशिक्यांच्या मऊ फोमच्या फळीवर) सर्फिंग शिकतोय. फेसाळ पाण्यात आता सहज उभा राहतो, पण न फुटलेली लाट काही केल्या पकडता येत नाही.

होतं असं की, लाट मागून येते, मी बोर्डवर पालथा पडून जीव तोडून हात मारतो (म्हणजेच पॅडलिंग), बोर्डची शेपटी उचलली जाते आणि ऐन वेळी लाट खालून निघून जाते. म्हणून छाती थोडी पुढे सरकवली, तर बोर्डचं नाक पाण्यात घुसलं आणि मी डोक्यावरून पलटलो. मागे सरकलो की नाक वर उठतं, शेपटी पाणी ओढत राहते. नाक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर हवं हे कळतं, पण लाट उचलायला लागली की तो तोल कसा राखायचा? तेव्हा छाती वर ठेवायची की खाली दाबायची?

दुसरं म्हणजे जागा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बसतो, तरी प्रवाह दहा मिनिटांत बाजूला नेतो. लाट आधी जिथे फुटते तिथे टिकून राहायला तुम्ही सतत हात मारत राहता का? आणि किनाऱ्याकडे वळून पॅडलिंग नेमकं कधी सुरू करता? मला वाटतं, माझं खरं दुखणं इथेच आहे, मी उशिरा वळतो.

खांदे तर अर्ध्या तासात भरून येतात. कोपर उंच ठेवून हात खोल घालायचा, की छोटे, भराभर हात मारायचे? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगा, प्लीज.