टॅबलेट बोलू लागल्यावर मूल बोलणे सोडून देईल का?

प्रश्न
माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न असून चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. दोन महिन्यांपूर्वी आम्ही चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे अ‍ॅप घेतले. परंतु तो ‘पाणी’ हेच बटण वीस-वीस वेळा दाबून हसतो आणि पेला पुढे केला की ढकलतो. यंत्र बोलू लागले तर हा तोंडच उघडणार नाही, असे घरातील वडीलधारे म्हणतात. अ‍ॅप बंद करावे का?

उत्तर १ (वाचा-उपचारतज्ज्ञ)
बंद करू नका. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात सर्वांत भक्कम पुरावा असलेली 27 जणांची उदाहरणे तपासली होती. त्यांना यंत्राऐवजी हातांच्या खुणा किंवा चित्रांसारखी बिगर-इलेक्ट्रॉनिक साधने शिकवली होती. त्यांपैकी एकाचेही बोलणे त्यामुळे घटले नव्हते आणि बहुतेकांचे, माफक का होईना, वाढले होते. वीस वेळा बटण दाबणे हे तान्ह्या बाळाच्या ‘बाबाबा’सारखेच आहे. त्याला रागावू नका. त्याने ‘पाणी’ दाबले की स्वतः एक घोट घ्या किंवा त्याच्या बोटांवर थेंब शिंपडा, म्हणजे आवाजामागचा अर्थ त्याला गवसेल.

उत्तर २ (पालक)
आम्ही लेकीला ‘दूध कुठे आहे, दाखव’ असे विचारत राहिलो, आणि तिला टॅबलेट म्हणजे परीक्षाच वाटू लागली. मग विचारणे सोडून, बोलता बोलता आम्हीच बटणे दाबू लागलो : बूट चढवताना ‘घाल’, ताट रिकामे झाले की ‘संपले’. कित्येक महिन्यांनी वेणी घालताना तिने ‘नको’ दाबले, तेव्हा मी कंगवा तिथेच खाली ठेवला. एक चूक मात्र टाळा. मी हौसेने बटणांची जागा बदलली आणि ती आठवडाभर चाचपडत राहिली, कारण तिच्या बोटांना चित्रापेक्षा जागाच अधिक पाठ होती.

उत्तर ३ (विशेष शिक्षिका)
त्या टॅबलेटवर खेळ आणि व्हिडिओ ठेवू नयेत, अन्यथा मूल त्याला आपला आवाज मानत नाही. पडद्यावर नुसती नामे नकोत. ‘अजून’, ‘थांब’, ‘मदत’ हे शब्द दिवसभर कामी येतात. चार्जिंग संपल्यास हाताशी असावी म्हणून त्याच मांडणीची लॅमिनेट केलेली कागदी प्रतही ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ती
‘नको’चे बटण आजच जोडते. परंतु औषधाच्या वेळी त्याने तेच दाबले तर?

उत्तर १
‘नको आहे, कळले’ असे म्हणून तुम्हीही तेच बटण दाबा, आणि औषध द्या. औषध चमच्याने की पेल्याने, एवढे मात्र त्याला ठरवू द्या.