मॅकची घाई कशाला?

छंद म्हणून गेम बनवायला कुठला कॉम्प्युटर घ्यावा, या प्रश्नावर वर बहुतेकांनी 'मॅकच घ्या' म्हटलंय, कारण आयफोनचं बिल्ड (म्हणजे चालवता येईल अशी तयार आवृत्ती) करायला ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. खरंय. पण छंदाच्या गेमला तिथवर पोचायलाच वर्ष जातं (माझा अजून दुसऱ्या लेव्हलवर अडकलाय!), आणि ॲप स्टोअरचे वर्षाला 99 डॉलर वेगळेच.

मी हिंजवडीतल्या एका ऑफिसने काढून टाकलेला डेस्कटॉप घेतला, रॅम 16 जीबी केली, एसएसडी टाकली. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे नि त्यावर मस्त पळतं. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, तिन्ही बिल्ड तिथूनच निघतात. उरलेल्या पैशांत गेम चालवून बघायला एखादा जुना अँड्रॉइड फोन घ्या. डेस्कटॉपवर गुळगुळीत चालणारी माझ्या गेममधली रिक्षा आईच्या फोनवर सावल्यांमुळे अक्षरशः रांगत होती. आणि हो, यूपीएस विसरू नका. पावसाळ्यात आमच्या धायरीत वीज कधी जाईल, नेम नाही.